डबीबद्दल लेखी मत

१ मार्च

धाकटीस,

माझे तीन महिने संपले, तुझे सुरू. गाडी मिस्त्रीच्या गॅरेजात लावली आहे. माझ्या घरापासून शेहेचाळीस किलोमीटर, तुझ्या घरापासूनही शेहेचाळीसच. बाबांनी हे गॅरेज निवडलं ते मोजूनच. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, दोन मुलींमधलं अंतर तेवढं राहिलं होतं, तेही जाता जाता उरकून गेले.

त्यांची चिठ्ठी तुलाही मिळाली आहे, तरी पुन्हा उतरवते. नंतर 'मला माहीत नव्हतं' नको. "डबी दोघींची. तीन-तीन महिने वापरावी. पाळी संपली की आपलं मत लिहून गाडीत ठेवावं, कारण फोनवर तुम्ही दोघी तिसऱ्या वाक्याला भांडता. वर्ष झालं आणि एकीलाही गाडी नकोशी वाटली, तर खुशाल विकावी. मग पुन्हा लिहायची सक्ती नाही." म्हणजे नोव्हेंबरअखेरपर्यंत आपण एकमेकींना बांधील आहोत. पुढचं पुढे.

पुढच्या कप्प्यात त्यांची वही आहे, 'वापरणाऱ्यांची मतं'. गाडीत बसलेल्या प्रत्येकाच्या हातात ती देऊन ते पेन्सिल पुढे करायचे, आठवतं ना. नळवाल्याचं मत : 'पाइप मावतो, मी मावत नाही.' आईचं मत : 'गाडी चांगली आहे, चालवणारा गातो.'

आता माझं मत. चौदा वर्षांची गाडी आहे हे धरूनच वाचावं. लिटरला सोळा किलोमीटर आठशे मीटर. दुकानदारांचे तराजू आणि पेट्रोल पंपांची मापं तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली, तेव्हा गाडीला सूट देण्याचं कारण नव्हतं; पेट्रोल पाच लिटरच्या मापानं मोजून भरलं आहे. ब्रेक ठीक. क्लच दगडासारखा कडक, मिस्त्री म्हणतो अजून वर्षभर ढकलेल. मागच्या सीटवर दोन माणसं आणि तिसरं गरीब स्वभावाचं असेल तर तेही. मागचं दार वर उचललं की मनात येईल तेव्हा खाली येतं, डोकं सांभाळ. सीट माझ्या उंचीला लावलेली आहे, तुला बरीच पुढे ओढावी लागेल.

एकूण मत : चालते.

३१ मेला गाडी गॅरेजात आणून लाव. ही तरी वेळेवर पोचेल अशी आशा आहे.

ताई

---

३१ मे

ताई,

गाडी आजच पोचवली आहे, तारीख बघून घे. शिक्का मारायचा असेल तर तोही मार.

माझं मत. डबी छान आहे. क्लच हलका, हात लावला की गाडी निघते. गर्दीत बरी पडते. पार्किंगला त्रास नाही. ब्रेक ठीक (तुझ्याशी सहमत). आमच्या लॅबच्या मागच्या आवारात तिला जागा मिळाली आहे, जांभळी फुलं पडतात तिच्यावर. दंतवैद्य बाई म्हणाल्या, "गाडी जुनी आहे पण रंग टिकलाय." मी म्हटलं, आम्ही कवळ्या करणारी माणसं, पांढऱ्याच्या सोळा छटा ओळखतो, पण हिच्या निळ्याला नाव सापडलेलं नाही.

अजून काही निरीक्षणं. पुढचा कप्पा चावीशिवाय उघडतो. बाजूच्या सीटवर बसून गुडघ्यानं खालून एक टोला द्यायचा, की झाकण आपोआप पडतं. त्याच सीटच्या फटीत बाबांच्या पेन्सिलीची सालं निघाली, मी ती काढली नाहीत. दुपारी एक ते दीड ऊन बरोबर डॅशबोर्डवर असतं, तिथे डबा ठेवला तर जेवण आपोआप गरम होतं.

वहीतलं आईचं मत मी रोज वाचते. बाबा तेच एक गाणं गायचे ना, अर्धं? दुसरं कडवं त्यांना कधी आलं नाही.

एकूण मत : ठेवावी. नक्की ठेवावी.

धाकटी

---

४ जून

धाकटीस,

हे पत्र पोस्टानं पाठवते आहे, कारण ऑगस्टअखेरपर्यंत मला दम निघणार नाही.

मी मार्चमध्ये गाडी ठेवली तेव्हा मीटरवरचा आकडा लिहून ठेवला होता. तो माझा स्वभाव आहे, त्यावर विनोद नको. तुझ्या तीन महिन्यांत डबी ब्याण्णव किलोमीटर चालली. शेहेचाळीस जायचे, शेहेचाळीस यायचे. म्हणजे तुझ्या गावात गेल्यावर ती एक कोपरासुद्धा वळलेली नाही. 'गर्दीत बरी पडते' म्हणे. कुठली गर्दी? फुलांची?

पेट्रोल मात्र अकरा लिटर कमी आहे. गाडी प्यायली पण चालली नाही, असं मी पस्तीस वर्षांत कुठल्या पंपावरही पाहिलेलं नाही.

क्लच हलका आहे असं तू लिहितेस. परवा घरी आणताना माझ्या पायात गोळा आला.

आणि सीट. तू माझ्यापेक्षा वीतभर बुटकी आहेस. मी ठेवली होती त्या जागेवरून सीट एका दातानंसुद्धा हललेली नाही. आरसासुद्धा माझ्याच डोळ्यांना लावलेला. तू गाडी चालवलेलीच नाहीस. दुसऱ्या कुणाकडून आणवलीस, तीन महिने झाडाखाली उभी केलीस, आणि वर मला खोटं मत लिहून दिलंस.

माझा राग गाडीचा नाही. बाबांनी जाताना आपल्याला एवढी एकच गोष्ट करायला सांगितली, तीही तुला जड झाली. नको असेल तर सरळ 'नको' लिही. मिस्त्रीकडे एक कुटुंब विचारून गेलं आहे, दोन लहान मुलं आहेत त्यांना. निदान गाडी फिरेल तरी.

ताई

---

१९ जून

ताई,

तुझं पत्र पंधरा दिवस मेणाच्या डब्याखाली ठेवलं होतं. आज काढलं.

तू काढलेल्या सगळ्या चुका बरोबर आहेत. मला गाडी चालवता येत नाही.

एकदम लिहून टाकलं, म्हणजे पुन्हा खोडता यायला नको.

डबी नवी होती तेव्हा बाबा मला शिकवायला घेऊन गेले होते आणि मी फाटकाच्या खांबावर घातली, हे तुला माहीत आहे. दिवा फुटला. बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खाली उतरले, काचा गोळा केल्या आणि म्हणाले, "राहू दे, नंतर बघू." ते 'नंतर बघू' माझ्या इतकं जिव्हारी लागलं की मी इथे येऊन गुपचूप क्लास लावला. परीक्षेत दोनदा नापास झाले. तिसऱ्यांदा गेलेच नाही, आणि त्याच संध्याकाळी बाबांचा फोन आला, "काय झालं गं?" मी म्हटलं, "पास झाले." ताई, ते इतके हसले. फोन बाजूला न धरताच आईला हाक मारून सांगितलं, माझा कान बधिर झाला. त्यानंतर खरं कसं सांगणार? एकदा खोटा दात बसवला की तो काढून दाखवायची लाज वाटते, तसं झालं.

मग तो नोव्हेंबर. तुझा फोन आला तेव्हा चार वाजले होते. शेवटची बस साडेतीनची. दोन टॅक्सीवाल्यांनी एवढ्या लांब यायला नकार दिला. मी रात्रभर बसस्टँडवर बसले, आणि सकाळी पोचले तेव्हा तू बाबांचं अंथरूण गुंडाळत होतीस. सगळ्यांसमोर म्हणालीस, "दोन तासांचा रस्ता. हिला गाडी येते, लायसन आहे. मनात असतं तर कुणाची तरी मागून आली असती." खरं सांगावं तर बाबांना फसवलं हे त्यांच्यासमोरच कबूल करायचं, आणि ते ऐकणारही नव्हते, रागावणारही नव्हते. म्हटलं, 'मनात नव्हतं' हेच बरं.

गाडी मिस्त्री आणून सोडतो. त्याच्या आईची कवळी मी केली होती, ती म्हातारी आता सफरचंद चावून खाते, म्हणून तो मला नाही म्हणत नाही. "कुणाला सांगू नका" म्हटलं तर म्हणाला, "मी नाही सांगणार. पण गाडी सांगेल, तिला खोटं बोलता येत नाही." पेट्रोलचंही तेच. उभी राहून बॅटरी बसेल म्हणून त्यानं मला चावी फिरवायला शिकवलं. मी दर रविवारी ती चालू करते आणि तासभर बसते. जागच्या जागी. बाजूच्या सीटवर.

रोज दुपारचा डबाही मी तिथेच बसून खाते. डबी आली तेव्हापासून माझी जागा तीच होती, तू चालवत असलीस की बाबा. ड्रायव्हरची सीट रिकामी ठेवते. त्यामुळेच ती हलली नाही.

मी डबी फिरवली नाही. पण ती मला जड नाही झाली, ताई. विकू नकोस एवढंच मागते.

धाकटी

---

२ ऑगस्ट

चिमे,

उत्तराला दीड महिना लागला. तीन पत्रं लिहून फाडली. हे फाडणार नाही.

तू खरं लिहिलंस, मग मलाही लिहायला हवं. दुसऱ्याच्या तराजूत खोट काढायची आणि आपलं माप झाकून ठेवायचं, हे बरं नव्हे.

त्या दिवशी डॉक्टर सकाळी नऊला येऊन गेले. मला बाहेर बोलावून म्हणाले, "ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा." नऊला, चिमे. मी तुला फोन केला चार वाजता.

विसरले नव्हते. बाबा पहाटेपासून तुझं नाव घेत होते. 'चिमी आली का', 'चिमी जेवली का'. दोन वर्षं औषधं मी दिली, अंग मी पुसलं, रजा मी टाकल्या, आणि ओठांवर तू. मी फोन हातात घेतला आणि ठेवला. म्हटलं, ती आली की हे तिच्याकडेच बघणार. अजून दोन-चार दिवस नक्की आहेत, त्यातला आजचा एक मला असू दे. इतकं साधं आणि इतकं हलकट. चार वाजता त्यांचा श्वास बदलला तेव्हा मी तुला फोन लावला. साडेआठला ते गेले.

आणि सकाळी तू दारात उभी राहिलीस तेव्हा मी ते वाक्य बोलले. कुणी मला 'किती वाजता कळवलंस' असं विचारायच्या आत मी तुझ्याकडे बोट दाखवलं. तुला खरोखर गाडी येते असं मला वाटत होतं, पण ते निमित्त. गाडी येत नाही हे माहीत असतं तर दुसरं काहीतरी शोधलं असतं.

एवढं लिहून झालं. आता दुसरी गोष्ट, तिच्यामुळेच मला लिहायचा धीर आला.

तुझ्या पत्रानंतर मी डबीची ड्रायव्हरची सीट मोजायला घेतली. टॉर्च तोंडात धरून खाली वाकले. सीट ज्या लोखंडी पट्टीवर सरकते ती घासली, तर मळाखाली कानशीनं पाडलेल्या तीन खुणा निघाल्या. मागची 'बा'. तिच्या जरा अलीकडे 'मो', ती मी. आणि अगदी पुढे, शेवटून दुसऱ्या दाताशी, 'धा'. प्रत्येक खुणेशी साल घातलं आहे, मोजणीदार तो मोजणीदारच. 'बा' आणि 'मो' चौदा वर्षांपूर्वीच्या. 'धा' गेल्या वर्षीची.

मग मला आठवलं. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी ते हातात कानस घेऊन काठी टेकत खाली गेले होते. तासाभरानं आले ते हात काळे करून. मी वाटेल ते बोलले त्यांना. ते म्हणाले, "एक माप राहिलं होतं."

तू पास झाल्याचं सांगितल्यापासून बारा वर्षांत एकदाही त्यांना कोपऱ्यापर्यंतसुद्धा फिरवून आणलं नाहीस. चिमे, त्यांना एवढी बेरीज येत होती. मला वाटतं त्यांना माहीत होतं. माहीत होतं, आणि तरी त्यांनी तुझी खूण पाडली, आणि गाडी दोघींच्या नावावर केली.

ते गिऱ्हाईक मी परत पाठवलं. नोव्हेंबरअखेर काय ते तू ठरव. माझं मत यापुढे धरू नये.

ताई

---

१४ ऑगस्ट

ताई,

वाचलं.

बस दहाची होती. बाराची होती. साडेतीनची होती. तिन्हींत जागा असते, आमच्या गावाहून त्या बाजूला कुणी फारसं जात नाही.

यापुढचं मला आत्ता लिहिता येत नाही. लिहिलं तर ते तुझ्या तराजूत मावणार नाही.

१ सप्टेंबरला गाडी घेईन.

धाकटी

---

३१ ऑगस्ट

चिमे,

गाडी ठेवली आहे. टाकी भरली. क्लच बदलून घेतला, मिस्त्रीला म्हटलं, नव्या पायाला जुना क्लच नको. चाकात हवा आहे. काचा आतूनही पुसल्या.

तू लिहिलंस ते खरं आहे.

सोबत चार कागद आहेत. वाचायचे नसतील तर मागच्या सीटखाली टाक, तिथे बाबांचा नकाशाही पडलेला असतो. मी कुणाला कधी काही शिकवलेलं नाही, तपासलंच आहे फक्त. तरी पहिला धडा असा. क्लच सोडणं म्हणजे हातानं धरून ठेवलेलं तराजूचं पारडं सोडणं. धपकन सोडलंस की काटा थरथरतो आणि गिऱ्हाईकाला संशय येतो. हळूहळू सोड. एक जागा अशी येते की पारडं आपण धरलेलंही नसतं आणि सोडलेलंही नसतं. तिथे थांब. गाडी आपण होऊन सांगते.

सीट मी माझ्या खुणेवरच ठेवली आहे. पुढे ओढायची ती तूच.

ताई

---

१२ ऑक्टोबर

ताई,

तुझं पारडं मला कळलं नाही. आठ दिवस मी गाडीला नुसते गचके देत होते. मिस्त्री दर रविवारी बसनं येतो, आम्ही मंडईमागच्या रिकाम्या मैदानात जातो. पहिल्या रविवारी मी एकवीस वेळा गाडी बंद पाडली. तो मोजत नव्हता, मी मोजत होते, तुझीच बहीण. शेवटी तो म्हणाला, "ताई, तुम्ही साच्यातून मेण कसं सोडवता?" मी म्हटलं, ओढायचं नाही, उबेनं सुटेपर्यंत वाट बघायची. "मग तेच पायानं करा." आणि डबी निघाली. इतकी सावकाश की एक कुत्रं उठलं, आळस दिला आणि मग बाजूला झालं.

रिव्हर्स अजून जमत नाही. मागची काच एवढीशी आहे की मागचं जग पोस्टाच्या तिकिटावर छापल्यासारखं दिसतं. मैदानात एक पडकी भिंत आहे, तिला मी दोनदा शिवले. दुसऱ्यांदा दिवा फुटला. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसले. मिस्त्री खाली उतरला, काचा गोळा केल्या, आणि खिडकीपाशी येऊन म्हणाला, "दिवा मिळतो हो बाजारात. पुन्हा घ्या मागे." मी रडले, पण घेतली मागे.

तुझे चारही कागद वाचले. चढावरचा चांगला आहे.

तुझ्यावर माझा राग आहे. तो कमी झालेला नाही, पण मैदानात असताना मला तो आठवत नाही, आणि मी रविवारची वाट बघते. एवढंच सध्या.

चिमी

---

३० नोव्हेंबर

ताई,

हे माझं लेखी मत. वहीतही उतरवलं आहे, आईच्या मताखाली जागा होती.

डबी चांगली गाडी आहे. शर्यतीची नाही. चढावर एसी बंद करावा लागतो, नाहीतर ती दम लागल्यासारखी हळू होते. खड्ड्यातून जाताना मागे कुणीतरी भांडी ठेवल्यासारखा आवाज येतो. मिस्त्री म्हणतो काही नाही, वय आहे. प्लास्टरची सहा पोती मागे मावतात, सीट पाडली तर आठ. परवा दंतवैद्य बाईंची आई पाय घसरून पडली तेव्हा मी तिला दवाखान्यात नेलं. म्हातारी मागे आडवी होऊन म्हणाली, "पोरी, हळू चालवतेस ते बरं आहे." मी तिला वही दिली. तिनं लिहिलं आहे, वाच. लायसन दहा तारखेला मिळालं. यावेळी खरंच. पुढच्या कप्प्यात ठेवलं आहे, तपासून घे.

आज सकाळी मी लॅबच्या आवारातून गॅरेजपर्यंत एकटी आले. निघताना घड्याळ पाहिलं होतं. शेहेचाळीस किलोमीटर, अठ्ठावन्न मिनिटं. एका घाटवळणावर ट्रकवाल्यानं हॉर्न दिला, त्याला मी मनातल्या मनात जे म्हटलं ते वहीत लिहिलेलं नाही.

गॅरेजात गाडी बंद केली आणि तशीच बसून राहिले. ताई, अठ्ठावन्नच्या दुप्पट म्हणजे एक तास छप्पन मिनिटं. दोन तास धरू. तू चारला फोन केलास. मला गाडी येत असती, तर कुणाची तरी मागून मी सहाला दारात असते. बाबा साडेआठपर्यंत होते. अडीच तास मिळाले असते मला.

इतके दिवस मी फक्त तीन बस मोजत होते. त्या तिन्ही तुझ्याच. पण हे अडीच तास माझे आहेत. मी खरं बोलले असते, परीक्षेला तिसऱ्यांदा गेले असते, तर तू कितीही उशिरा कळवूनही मी त्यांना भेटले असते. तुझ्या बाजूला जास्त आहे, मी काही देवमाणूस नाही. पण माझं पारडंही रिकामं नाही. हे कळल्यावर राग कुठे ठेवावा तेच कळेना. दोघींच्या मधे ठेवला, त्या गॅरेजच्या दारात.

वाटेत मी गात होते. दुसरं कडवं मलाही येत नाही.

एकूण मत : ठेवावी. दोघींनी.

चिमी

---

१ डिसेंबर

चिमे,

आज सकाळी डबी घ्यायला आले. मिस्त्री हात पुसत बाजूला झाला. दार उघडून नेहमीसारखी बसायला गेले, तर गुडघे स्टिअरिंगला लागले. आत शिरताच येईना. वाकून पाहिलं. सीट 'धा'वर होती. बरोबर खुणेवर, केसाचाही फरक नाही. आरशात मला माझा चेहरा दिसेना, गाडीचं छप्पर तेवढं दिसत होतं.

हात सीटच्या दांड्याकडे गेला. एकदा ओढला की सीट मागे आली असती आणि माझे तीन महिने सुरू झाले असते. मी तो ओढला नाही. वळसा घालून पलीकडे गेले आणि बाजूच्या सीटवर बसले. चौदा वर्षांत पहिल्यांदाच. मला तिथे कुणी कधी बसवलंच नाही, की मीच बसले नाही, आता आठवत नाही. गुडघ्यानं खालून एक टोला दिला. झाकण पडलं. तुझं पत्र तिथे होतं.

दोनदा वाचलं. मग आईच्या मताखालचं तुझं, आणि त्याखाली त्या म्हातारीचं : 'मुलगी घाई करत नाही, पण पोचवते.' मग मी बराच वेळ रडले. मिस्त्रीनं आतल्या आत टायर इकडचा तिकडे करून पुष्कळ आवाज केला. भला माणूस आहे. त्याच्या आईला सांग, अजून काही दात करायचे असले तर कळवा.

अडीच तासांचं तू लिहिलं आहेस ते मी मान्य करत नाही. ते तुझ्या पारड्यात टाकायचा हक्क मला नाही, तुलाही देणार नाही. पण तू ते टाकून बघितलंस, एवढं मला पुरतं. जन्मभर पुरेल.

आता नीट वाच. पाळी माझी आहे, आणि मी ती घेत नाही. बाबांचा नियम मोडते आहे. पस्तीस वर्षांतला माझा पहिलाच. डबी इथेच ठेवून मी बसनं घरी परत जाते आहे. सीट हलवलेली नाही, मिस्त्रीलाही बजावलं आहे की कुणी हात लावायचा नाही. हे पत्र तो उद्या तुझ्याकडे पोचवेल. रविवारी गॅरेजात ये, गाडी घे, आणि परत न फिरता सरळ पुढे ये. उरलेले शेहेचाळीस. चढ एकच आहे, तिथे एसी बंद कर. फाटकाचा खांब तसाच उभा आहे, त्याला घाबरू नकोस. लागला तर लागला.

वहीत मी फक्त तारीख घातली आहे. माझं मत बाजूच्या सीटवरून गावात एक चक्कर मारल्यावर लिहीन.

मी खाली फाटकाशी असेन. दहाला ये, बाराला ये, साडेतीनला ये.

ताई